विजयी गोलमागचा हिशेबही छापा

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत गाजलेल्या क्रीडा छायाचित्रांच्या पानावर आइस हॉकीपटू बॉबी ऑरचा हवेत आडवा झेपावलेला फोटो पाहून आनंद झाला. मराठी दैनिकात हा खेळ दिसतो कधी? पण खाली ‘विजयी गोलनंतर बॉबी ऑर, १९७०’ एवढीच ओळ होती. या माणसाला तेवढ्यावर वाटेला लावणे बरे नाही.

मुळात ऑर बचावपटू. त्या काळच्या बचावपटूने आपल्या गोलरक्षकापुढे समोरच्याला अडवायचे, पक (खेळातली रबरी चकती) हाती लागला की पुढच्या फळीकडे द्यायचा आणि स्वतः मागे थांबायचे, असा साधारण रिवाज होता. ऑर पक घेऊन स्वतःच सुटायचा, आणि चढाई फसली तर मागे परतून हजरही असायचा. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगच्या मोसमात गोल व गोलसाठीचे पास मिळून सर्वाधिक गुण मिळवण्याचा पराक्रम बचावपटूंमध्ये त्यानेच केला, तोही दोनदा: १९७० आणि १९७५ साली. सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक सलग ८ वर्षे त्याच्याकडे होता. फोटोतला गोल १० मे १९७० चा, सेंट लुइसविरुद्ध, जादा वेळेच्या ४०व्या सेकंदाला केलेला. प्रतिस्पर्ध्याने काठीने पाय उचलल्यामुळे तो असा उडाला. त्याच्या बोस्टन ब्रुइन्स संघाला २९ वर्षांनी स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, मिळाले.

आता फोटोत न दिसणारी बाजू. कॅनडातल्या पॅरी साउंड गावच्या या पोराला ब्रुइन्सने १४व्या वर्षीच बांधून घेतले. मोबदल्यात थोडे पैसे आणि घराला बाहेरून गिलावा! पुढे वडिलांनी ॲलन ईगलसन हा वकील गाठला. १९६६ साली त्याने ऑरला नवख्या खेळाडूला तोवर कधी मिळाला नव्हता असा करार मिळवून दिला. वर्षभरात खेळाडूंची संघटना उभी राहिली, तिचा प्रमुखही ईगलसनच. म्हणजे खेळाडूचा एजंट तोच आणि सगळ्या खेळाडूंच्या वतीने मालकांशी बोलणाराही तोच. यात काही वावगे आहे, असे तेव्हा फारसे कुणाला वाटले नाही. ऑर तर त्याला भावासारखा मानायचा.

१९७६ पर्यंत शस्त्रक्रियांनी ऑरचा डावा गुडघा पार खिळखिळा झाला होता. तरी ब्रुइन्सने त्याला संघाच्या मालकीत १८.५ टक्के वाटा देऊ केला होता. ईगलसनने हे त्याच्या कानावर घातलेच नाही. ऑर शिकागोच्या संघात गेला. तिथे जेमतेम २६ सामने खेळून १९७८ मध्ये, तिशीतच, निवृत्त झाला. तेव्हा कळले की मालमत्तेपेक्षा देणेच जास्त आहे.

हे पत्र मी क्रीडा पानाच्या संपादकांनाही का लिहितो आहे, ते पुढे आहे. ईगलसनचा कारभार उघड केला तो मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स गावच्या ‘ईगल-ट्रिब्यून’ या छोट्या दैनिकाचा क्रीडा संपादक रस कॉनवे याने. सामन्यांच्या बातम्या देणाऱ्या या माणसाने जायबंदी खेळाडूंच्या विम्याच्या पैशांचा माग काढला आणि १९९१ मध्ये लेखमाला छापली. १९९४ मध्ये ईगलसनवर आरोपपत्र दाखल झाले, १९९८ मध्ये त्याने फसवणुकीचे गुन्हे कबूल केले आणि १८ महिन्यांची शिक्षा घेतली. ऑरच्या करारातली लपवाछपवी त्या गुन्ह्यांत नव्हती, हेही सांगितले पाहिजे. मात्र ईगलसनला हॉकीच्या ‘हॉल ऑफ फेम’मधून, म्हणजे मानकऱ्यांच्या यादीतून, काढा, नाहीतर आम्ही बाहेर पडतो, असे बजावणाऱ्या माजी खेळाडूंत ऑर होता. ईगलसनने राजीनामा दिला. निवृत्तीनंतर ऑर स्वतःच खेळाडूंचा एजंट झाला!

आपल्याकडे आता कबड्डीपटूंचाही लिलाव होतो. बोलीचा आकडा आपण ठळक मथळ्यात छापता, सोबत खेळाडूच्या गावचा जल्लोषही. पुढच्या लिलावाच्या वेळी आपल्या प्रतिनिधीने आणखी काही विचारावे: त्यातला एजंटचा वाटा किती, करार मुलाला समजेल अशा भाषेत दिला होता का, आणि गुडघा गेला तर उरलेले पैसे मिळतात की थांबतात. मिळालेली उत्तरे त्या आकड्याशेजारीच छापावीत, एवढी विनंती.

आपला,
एक वाचक, ठाणे