झडपेच्या खालच्या कडेसाठी आभार

पेंटर काका,

सप्रेम नमस्कार.

दोन पावसाळे गेले. वेंगुर्ल्याच्या घराच्या पश्चिमेकडच्या खिडक्यांच्या लाकडी झडपांवर तुम्ही दिलेल्या रंगाचा अजून एकही पोपडा सुटलेला नाही. ते पाहिलं आणि तुम्हाला लिहिल्याशिवाय राहवेना.

तुमची एक कृती सारखी डोळ्यांसमोर येते. बिजागऱ्या सोडवून तुम्ही झडप उलटी उभी केलीत आणि अर्ध्या इंची ब्रशने तिच्या खालच्या कडेत प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात, जिरवलात. थोडं थांबलात, लाकडाने तो पिऊन टाकला, तेव्हा पुन्हा जिरवलात. झडप जागेवर बसली की ती कड कुणाला दिसत नाही, तिथे बोटही जात नाही. पण उभ्या पट्ट्यांची कापलेली टोकं तिथेच उघडी असतात, आणि लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं ते टोकांनी. सपाट बाजूवरून थेंब ओघळून जातो, टोकातून तो आत चढतो. मग वरचा रंग कितीही महाग असो, भिजलेलं लाकूड फुगतं, उन्हात आकसतं आणि रंगाला आतूनच सोडवतं. पोपडे खालच्या वीतभरात आधी येतात ते म्हणूनच.

आधी ज्यांनी काम केलं, त्यांच्याबद्दलचा राग अजून गेलेला नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात, जुन्या चकचकीत ऑइल पेंटवर पॉलिश पेपर न फिरवता त्यांनी थेट नवा रंग चढवला. भेगांत भिंतीची पुट्टी भरली. ती सिमेंटची, कडक. लाकूड ऋतूगणिक हलतं, ती हलत नाही, म्हणून गणपतीच्या आत तुकडे गळायला लागले. रंग पातळ करायला रॉकेल वापरलं, त्यामुळे तो नीट वाळलाच नाही. जुलैत झडप फुगून अडकली तेव्हा रंधा मारून कड तासली आणि ती कोरीच सोडून दिली. पैसे पूर्ण घेतले, आणि नंतर फोन उचलला नाही.

तुम्ही दिवाळीनंतरच हात लावलात. आधी झडपा गोड्या पाण्याने धुवून घेतल्यात, कारण समुद्राकडच्या लाकडावर मीठ बसतं, मीठ हवेतली ओल ओढतं आणि रंगाखाली फोड आणतं. मग आठवडाभर सावलीत, वाऱ्यावर वाळवण. दोन सुयांच्या यंत्रावर ओल 15 टक्क्यांच्या खाली येईपर्यंत तुम्ही डबा उघडला नाहीत. उन्हाने करडं पडलेलं लाकूड 80 नंबरच्या पॉलिश पेपरने ताजा रंग दिसेपर्यंत घासलंत, मग 120 ने. त्या करड्या थरावर रंग धरत नाही, कारण तो थर स्वतःच लाकडाला धरून नसतो.

जुना रंग घासताना पाणी मारत, तोंडाला मास्क लावूनच घासलात, मुलांना अंगणात येऊ दिलं नाहीत. घरगुती रंगातलं शिसं दहा लाख भागांत 90 भागांवर आणणारा नियम देशात नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, त्याआधीच्या थरांत काय असेल सांगता येत नाही. कुणी सांगितलं नव्हतं, तरी ही काळजी तुम्ही घेतलीत.

सागाच्या झडपा प्रायमरच्या आधी थिनरच्या फडक्याने पुसल्यात, कारण सागातलं तेल रंगाला धरू देत नाही. फणसाच्या झडपेतल्या गाठींवर लाखेचा हात दिलात. भेगांत लांबी, म्हणजे खडूची पूड आणि जवसाच्या तेलाचा लगदा, भरलीत, तीही प्रायमरनंतर, कारण कोरं लाकूड लांबीतलं तेल शोषतं आणि ती भुसभुशीत होऊन पडते.

रंगाची निवड करताना तुमचं ऐकलं ते बरं झालं. आम्हाला लाकडाच्या रेषा दिसणारं पारदर्शक वार्निश हवं होतं. ऊन त्यातून आरपार जातं, खालचं लाकूड जळतं आणि वार्निश सुटतं. फ्रेंच पॉलिश आणि मेलामाइनचं पॉलिश घरातल्या लाकडासाठीच. साधा ऑइल पेंट सुरुवातीला सुंदर दिसतो, पण वर्षागणिक कडक होत जातो आणि लाकडाच्या हालचालीबरोबर तडकतो. बाहेरच्या लाकडासाठीचा पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक एनॅमल लवचिक राहतो. फिकट छटा घ्यायला लावलीत तेही योग्यच, कारण गडद झडप दुपारच्या उन्हात फार तापते. या रंगाची एक खोड तुम्ही आधीच सांगितलीत: वाळला तरी काही दिवस तो चिकट राहतो, झडप बंद ठेवली तर चौकटीला धरते. म्हणून आठवडाभर झडपा उघड्या, आणि टेकणाऱ्या कडांवर मेणबत्ती घासून ठेवलेली.

हिशेबही चोख. दोन फूट बाय चार फुटांच्या दोन झडपा, दोन्ही बाजू आणि कडा धरून खिडकीमागे साधारण 36 चौरस फूट. सहा खिडक्यांचे 216, म्हणजे 20 चौरस मीटर. लिटरला 10 चौरस मीटर धरून दोन हातांना चार लिटर. तेवढाच आणवलात. तिसरा हात मागितला तर जाड थर लवकर तडकतो म्हणून नकार दिलात, त्यात तुमचीच मजुरी बुडाली. सकाळी पूर्वेकडच्या झडपांना हात लावला नाहीत, सावलीमागून फिरत राहिलात, आणि चारनंतर ब्रश धुऊन ठेवलात, रात्रीचं दहिवर ओल्या रंगावर पडू नये म्हणून.

कुणी पाहत नसताना नीट काम करणारी माणसं अजून आहेत, याचा केवढा आधार वाटतो! सुतार असो, गवंडी असो, नर्स असो, अशा माणसांमुळेच घरं उभी राहतात आणि माणसं निश्चिंत झोपतात.

उरलेला पावशेर रंग तुम्ही दिलेल्या बाटलीत आहे, चिठ्ठीवर तारीख तुमच्याच अक्षरात. या वर्षी पावसात मधली झडप जरा घट्ट झाली, पण रंधा लावू दिला नाही. दिवाळीनंतर सवडीने या. झडप उतरवून, उलटी करून ठेवतो.

आपले,
वेंगुर्ल्याच्या घरची सगळी मंडळी