साथीच्या कायद्यात कोंडलेल्या माणसालाही जागा द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझी उभी नोकरी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली. साथीत सरकारला कडक व्हावं लागतं हे मला कुणी सांगायला नको. गोवर निघालेलं पोर शाळेत पाठवू नका म्हणून आयाबायांशी मी स्वतः भांडले आहे. अलगीकरणाला माझा विरोध नाही. ते ज्या तऱ्हेने झालं, त्याबद्दल लिहिते आहे.

कोरोनाच्या साथीत, २०२० च्या मे महिन्यात मुंबईची माणसं परतू लागली, तेव्हा आमच्या भागातल्या एका गावाने वेशीवर बाभळीच्या काट्या टाकून रस्ता अडवला. आलेल्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवलं. बाकं एका भिंतीला रचलेली, फळ्यावर खडूने प्रत्येकाचं नाव आणि आल्याची तारीख. सोडण्याची तारीख मात्र कुठेच नाही. एका गवंड्याने मला विचारलं, "सिस्टर, चौदा दिवस मुंबईतनं निघालो तवापासनं धरायचे, का हितं आलो तवापासनं?" मी ग्रामसेवकांना विचारलं, त्यांनी तालुक्याला फोन लावला, तालुक्याने जिल्ह्याकडे बोट दाखवलं. लेखी आदेश कुणाच्याच हातात नव्हता. त्याच शाळेत एक सहा महिन्यांची गरोदर बाई होती. तिला तपासणीला घेऊन निघाले, तर काट्यांपाशी गावच्या चार पोरांनी गाडी अडवली. माणसाला अडवायचा अधिकार त्यांना कुणी दिला होता?

साथरोग कायदा १८९७ चा, मुंबई-पुण्याच्या प्लेगसाठी इंग्रजांनी घाईघाईने केलेला. प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर पुण्यात लोकांच्या माजघरात, देवघरात शिरले. लोक रोगी लपवू लागले, आणि २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या आणि प्लेगनेच गेल्या. रोगी दवाखान्यात पोहोचवणं तिथेही होतं, पण त्याला धाक लागला नाही.

मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. त्यातलं चौथं कलम सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण देतं. २०२० च्या दुरुस्तीने आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करून गंभीर इजा करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद आली. घरोघर सर्वेक्षणाला जाऊन शिव्या खाणाऱ्या आशाताई मी पाहिल्या आहेत, तेव्हा ही दुरुस्ती हवीच होती. पण कोंडलेल्या माणसाने दाद कुठे मागायची, याबद्दल कायद्यात एक ओळ नाही.

ते काम शेवटी कोर्टांना करावं लागलं. लोकलमध्ये फक्त लसीच्या दोन डोसवाल्यांना प्रवेश देणारे आदेश ठरलेली पद्धत डावलून निघाले, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये राज्याला खडसावलं. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने, लस कुणालाही जबरदस्तीने टोचता येणार नाही, असं सांगितलं. सरकारचं लसीकरण धोरण अवाजवी नाही, हेही त्याच निकालात म्हटलं. लस टोचण्यात हयात गेलेल्या मला दोन्ही गोष्टी पटतात. पण हे निकाल आले तोवर शाळेतला तो गवंडी केव्हाच कामावर परतला होता. त्याला उत्तर त्याच आठवड्यात हवं होतं.

केंद्रीय विधी आयोगाने २०२४ च्या अहवालात हा कायदा अपुरा ठरवला आहे. दिल्लीची वाट पाहायचीही गरज नाही. तमिळनाडूत सार्वजनिक आरोग्याचा स्वतःचा कायदा १९३९ पासून आहे, केरळने २०२३ मध्ये नवा केला. महाराष्ट्रानेही करावा. अलगीकरणाचा आदेश लेखी असावा, त्यावर कारण, मुदत आणि अधिकाऱ्याची सही असावी. तक्रार तहसीलदारांनी दोन दिवसांत ऐकावी. मजुरी बुडाली तर भरपाई मिळावी. बाळंतपण, डायलिसिस, क्षयरोगाचं औषध यांसाठी जाणाऱ्याला कुणीही अडवू नये, आणि अडवलं तर गुन्हा अडवणाऱ्यावर नोंदवावा. येत्या अधिवेशनात आमच्या जिल्ह्यातल्या आमदारांनी, पक्ष कोणताही असो, आरोग्यमंत्र्यांना याबद्दल प्रश्न विचारावा, ही विनंती.

– एक निवृत्त आरोग्य सहायिका, पाटण (जि. सातारा)