आधी खाडी, मग बाई?

ऐरोली, नवी मुंबई
रविवार, रात्री

प्रिय महेश,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "आधी खाडी वाचू दे, बायकांच्या हक्काचं मग बघू. आत्ता विषय भरकटायला नको." मी गप्प बसले, कारण शेजारी आई झोपली होती आणि मला आवाज चढवायचा नव्हता. पण दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जात नाही. फोनवर पुन्हा तोच वाद घालण्यापेक्षा लिहिलेलं बरं. वीस वर्षांची मैत्री आहे, तू शेवटपर्यंत वाचशील.

ठाणे खाडी वाचवण्यासाठी तुमच्या गटाने केलेला सर्वेक्षणाचा फॉर्म तू पाठवला होतास, तो घेऊन मी आमच्या कोळीवाड्यातल्या काकीकडे गेले होते. कुटुंबप्रमुखाचं नाव, होडीचा नंबर, मासेमारीचा परवाना, मच्छीमार सोसायटीचं सभासदत्व. मी एकेक रकाना वाचून दाखवत होते आणि ती मान हलवत होती. शेवटी म्हणाली, "यान मी कुठं हाय गो?"

साठी उलटलीय तिची. लग्न होऊन आली तेव्हापासून खाडीत उतरते, पण पायी. आपल्याकडे बाई होडीवर जात नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. त्यामुळे तिच्या नावावर होडी नाही, होडी नाही म्हणून परवाना नाही, परवाना नाही म्हणून सोसायटीत नाव नाही. कुटुंबप्रमुख म्हणून मुलाचं नाव लागतं, तो कंपनीच्या बसवर ड्रायव्हर आहे आणि चिखलात पाय घालून त्याला पंधरा वर्षं झाली असतील. म्हणजे तुमच्या फॉर्मप्रमाणे त्या घराचा खाडीशी संबंधच उरत नाही. आणि त्या घरात रोजचं कालवण, आठवड्याचा बाजार, नातीची फी, सगळं काकीच्या पाटीवर चालतं.

गेल्या अमावास्येला मी तिच्याबरोबर गेले. सकाळी सातच्या सुमारास पाणी पार उतरलं होतं. साडीचा घट्ट काष्टा, कमरेला नायलॉनची पिशवी, पायात नातीचे शाळेचे जुने मोजे, काचा लागू नयेत म्हणून. तिवरांच्या मुळांपाशी ती थांबली आणि चिखलातल्या भोकांकडे नुसती बघत राहिली. मग एका भोकात हात घातला. कोपर आत गेलं, खांदा टेकला, गाल चिखलाला लागला. दुसऱ्या हाताने तिने शेजारचं एक भोक दाबून धरलं होतं, कारण निवटीच्या, म्हणजे चिखलात राहणाऱ्या त्या छोट्या माशाच्या, बिळाला दोन दारं असतात. हात बाहेर आला तेव्हा मुठीत निवटी तडफडत होती.

शंभरेक पावलांवर नाला खाडीला मिळतो. तिथे मी वाकले तर तिने मागे ओढलं. "नको घालू हात, खाजंल." चिखल काळा पडलेला, वर तेलाचा तवंग. तिने बोटाने एक पट्टा दाखवला. तीन पावसाळे झाले, इथं निवटी नाही. त्याच्या आधी खुबे गेले, त्याच्याही आधी कालवं. रात्री नाल्याला घाण पाणी आलं की सकाळी चिंबोऱ्या बिळाबाहेर येऊन बसतात, हेही तिनेच सांगितलं. कुठल्या वर्षी कुठवर काय मिळायचं, हे ती तिवरांच्या खुणेवरून सांगू शकते.

महेश, होडी खोल पाण्यात जाते, पण खाडी मरते ती कडेपासून. भराव कडेला पडतो, डेब्रिजचे डंपर रात्री कडेलाच रिकामे होतात, नाले कडेला मिळतात, तिवरं आधी कडेची सुकतात. आणि कडेला उभी असते बाई. होडीवाल्याला जे तीन वर्षांनी जाळ्यात कळणार, ते तिला पहिल्याच पावसाळ्यात हाताला कळलेलं असतं. मग फक्त होडीवाल्यांना विचारून तुम्ही जे निवेदन तयार करणार, त्यात तीन वर्षांचा पुरावा आधीच गळालेला आहे. तुझी शंका, की या मुद्द्याने आंदोलन कमजोर होईल, ती मला इथेच खोटी वाटते.

आपल्या खाडीचं अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं, 2022 मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आलं. त्या दिवशी मी पेढे वाटले होते, तुला आठवत असेल. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, ज्या चिखलावर जगतात त्याच चिखलावर काकीसारख्या बायका जगतात. पक्ष्यांची गणना होते, आणि व्हायलाच हवी. या बायका किती, हे मात्र अजून मला कुणी सांगू शकलेलं नाही.

तू प्रत्येक भाषणात झाडांना मिठी मारून जंगल वाचवणाऱ्या चिपको आंदोलनाचं नाव घेतोस, म्हणून त्यातलंच सांगते. 26 मार्च 1974 ला आजच्या उत्तराखंडातल्या रेणी गावात झाडं तोडायला माणसं आली, तेव्हा गावातले पुरुष जमिनीची नुकसानभरपाई घ्यायला चमोलीला बोलावले गेले होते. जंगल गौरादेवी आणि तिच्याबरोबरच्या सत्तावीस बायकांनी अडवलं. हे तू नेहमी सांगतोस. पण 1980 मध्ये त्याच भागातल्या डुंगरी-पैंतोलीत काय झालं, ते सांगत नाहीस. तिथे पुरुषांच्या पंचायतीने गावचं ओकचं जंगल द्यायला होकार दिला होता, बदल्यात रस्ता, शाळा, दवाखाना मिळणार म्हणून. बायकांनी विरोध केला, आपल्याच घरच्यांच्या विरोधात. त्या पुरुषांना मी वाईट म्हणत नाही. रस्ता आणि दवाखाना कुणाला नको असतो? पण जंगल गेल्यावर लाकूडफाट्यासाठी आणखी दोन डोंगर चढायचे होते ते बायकांना. गावाचं मत एकच असतं असं धरून चाललं की असा होकार निघतो.

आणि भरपाईचं म्हणशील, तर नर्मदेच्या पाणीवाटपाचा 1979 चा निवाडा बघ. धरणग्रस्तांच्या भरपाईसाठी त्यात सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब म्हणून मोजला गेला. सज्ञान मुलगी नाही.

लांब कशाला, माझ्या घरातलं सांगते. हे मी तुला कधी बोलले नव्हते. जानेवारी 1984 मध्ये नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी जासईला शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे जी माणसं उतरली, त्यात माझी आई होती, माझ्या मोठ्या भावाला कडेवर घेऊन. पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं गेली, ती धावपळ ती अजून झोपेत बोलते. त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांचा, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या तेवढ्या भागाचा विकसित भूखंड परत मिळण्याचा, हक्क मिळाला. आजोबांच्या जमिनीचा भूखंड आला तेव्हा मामा तिला रिक्षातून तालुक्याला घेऊन गेले आणि हक्कसोड पत्रावर तिची सही घेतली. येताना एक साडी दिली. वडिलांच्या मालमत्तेत मुलीलाही वाटा देणारा हिंदू वारसा कायदा 1956 चा, पण आईला तो कुणी सांगितला नाही. सांगितला असता तरी तिने सही केली असती, माहेर तुटू नये म्हणून. त्याच शेतात तिने लग्नाआधी दहा पावसाळे आवणी केली होती. आज त्या भूखंडावर टॉवर उभा आहे. बिल्डरशी बोलणी झाली तेव्हा मागे विहीर होती, चिंचेचं झाड होतं, ते ठेवा म्हणणारं त्या बैठकीत कुणी नव्हतं. आई असती तर तिने विहिरीचं नाव काढलंच असतं. जमिनीवर जिचं नाव नाही, तिला त्या जमिनीच्या भवितव्याबद्दल कुणी विचारत नाही. म्हणूनच मला हे दोन प्रश्न वेगळे करता येत नाहीत.

एक मात्र सांगते, "बाई ही मुळातच निसर्गाच्या जवळ असते" हे तुमच्या व्यासपीठावरचं आवडतं वाक्य मला नको. काकी चिखलाच्या जवळ आहे, कारण तिला होडी मिळाली नाही. तिचं ज्ञान चाळीस वर्षांच्या कष्टाचं आहे, त्याला मातृत्वाचा मुलामा देऊ नका. त्या वाक्याचा दुसरा तोटा म्हणजे पर्यावरणाचं सगळं काम अलगद बायकांच्या गळ्यात पडतं. ओला-सुका कचरा बायकांनी वेगळा करायचा, कापडी पिशव्या बायकांनी शिवायच्या, खत बायकांनी करायचं. आणि नाल्यात काय सोडायचं, भराव कुठे टाकायचा, हे ठरवणाऱ्या टेबलाला त्यांना खुर्ची नाही. गेल्या महिन्यात नेरूळच्या सभेत कोळणींना पारंपरिक लुगड्यात पुढच्या रांगेत बसवलं, फोटो काढले, आणि अडीच तासांत एकीच्याही हातात माईक गेला नाही. काकी त्या रांगेत होती. तिने त्या दिवशीचा धंदा बुडवला होता.

करता येतं रे. 2006 च्या वनहक्क कायद्यात जोडप्याला मिळणारा जंगलजमिनीचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावाने नोंदवायचा असं लिहिलंय, आणि त्याच्या नियमांत ग्रामसभेच्या हजेरीत एक तृतीयांश बायका असाव्यात ही अट आहे. ती पाळली जात नाही अशी गावं आपल्याच जिल्ह्यात सापडतील, पण कागदावर असल्यामुळे बायका निदान भांडू शकतात.

तुमच्या फॉर्ममध्ये 'कुटुंबप्रमुख' हा रकाना काढा. खाडीत उतरणाऱ्या प्रत्येक माणसाचं वेगळं नाव घ्या, होडीने की पायी ते विचारा, आणि काय मिळायचं बंद झालं, कधीपासून, हे विचारा. विचारायला बाईच पाठवा, दुपारी दोननंतर, बाजार आटोपल्यावर. निवेदनावर पहिली सही काकीची असू दे. ती सही करते, अंगठा नाही. चौथीपर्यंत शिकलीय.

आणि तू ये. येत्या पौर्णिमेला सकाळी सातच्या आतबाहेर ओहोटी आहे. आदल्या रात्री आमच्याकडेच राहा, आई तुला बघून खूश होईल. काकीला मी सांगून ठेवलंय की एक माणूस शिकायला येणार आहे. जुने मोजे आण, जाडसर.

तुझी,
सुनंदा