तीन पानं खोडल्याबद्दल

ती. स्व. काकांस,
कृ. सा. न. वि. वि.

मायना बरोबर आहे ना? कादंबरीच्या पहिल्या खर्ड्यात माझा नायक मामांना ‘तीर्थरूप’ लिहीत होता, तेव्हा तुम्ही समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘तीर्थरूप फक्त आईवडील. बाकी सगळे तीर्थस्वरूप.’ म्हणून आज जपून सुरुवात केली.

पुस्तक छापून आलं. ऋणनिर्देशात नाव घालायचं नाही ही तुमची अट मी पाळली आहे. (“चुका निघाल्या की लोक माझ्या दारात येतील,” हे कारण.) इथेही नाव घालत नाही. पण चारचौघांत आभार मानायचे नाहीत असं आपलं काही ठरलं नव्हतं.

बाकीच्यांना एवढंच सांगते की मी दिवसभर लोकांचे जीएसटीचे रिटर्न भरते आणि रात्री कादंबरी लिहिते. कादंबरी बडोद्याची, 1882 ते 1911 या काळातली. रावपुऱ्यातल्या एका वाड्यात दोघांची ओळख होते, ताटातूट होते आणि एकोणतीस वर्षांनी दोघं पुन्हा समोरासमोर येतात. काका दांडिया बाजारात राहतात. त्यांची उभी हयात जुन्या दप्तरांत गेली आणि मोडी ते वर्तमानपत्रासारखी वाचतात.

काका, मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले ती सासरच्या माळ्यावर सापडलेली रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, घेऊन. कोपरे उंदरांनी खाल्लेले. आत कुणाचं तरी गुपित असणार अशी माझी खात्री होती. तुम्ही भिंग लावून अर्धा तास वाचलंत आणि म्हणालात, “यात प्रेमबिम काही नाही. तूप आहे.” तूप, हरभरे, सुतळी, दिवाबत्ती. माझा चेहरा पडला. मग तुम्ही पाठकोऱ्या कागदावर आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढलीत आणि तिच्याखाली हात न उचलता अक्षरं लोंबकळवत गेलात. “मोडीत रेघ आधी,” म्हणालात, “मजकूर मागाहून.” तो कागद अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

त्याच तुपाच्या हिशोबाने मला वाचवलं. माझा नायक निघताना नायिकेच्या हातावर लखलखीत कल्दार ठेवत होता. तुम्ही रोजकिर्दीतली ओळ दाखवलीत. इथला व्यवहार बाबाशाईत, म्हणजे गायकवाडी रुपयांत; कल्दार हा इंग्रजी रुपया, इंग्रजांच्या हद्दीतला. हाताने ठोकलेला बाबाशाई रुपया, कड वाकडी, निम्मी अक्षरं नाण्याबाहेर गेलेली. पुढे, शतक बदलताना बाबाशाई चलन बंद झालं आणि लोकांनी आपापले रुपये बदलून घेतले. हे ऐकलं त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्या नायिकेने एक रुपया बदलून घेतलाच नाही, हे मला तेव्हा कळलं. अख्ख्या पुस्तकातला माझा सगळ्यात आवडता धागा तुमच्या हरकतीतून निघाला आहे.

हरकती काही थोड्या नव्हत्या. माझा ‘मामलेदार’ तुम्ही ‘वहिवाटदार’ केलात, कारण हे गायकवाडी राज्य होतं, मुंबई इलाखा नव्हे. दुष्काळाला मी नुसतंच ‘1899’ लिहिलं होतं. “कारकून शके 1821 लिहील. गाव छप्पनियो म्हणेल. 1899 कोण म्हणतं?” आता नायकाच्या पत्रात शके आहे आणि गावकऱ्यांच्या तोंडी संवत 1956 चा छप्पनियो.

पण खरं भांडण झालं ते नायिकेवरून. माझी नायिका अठरा वर्षांची, अविवाहित, वेणीत सोनचाफा, आणि संध्याकाळी नायकाबरोबर सुरसागराच्या काठी. तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे बघितलंत. “ब्राह्मणाच्या घरची? अठराची? बिनलग्नाची? 1882 साली?” मग अगदी सहज, भाजी आणायला सांगावं तसं, म्हणालात, “तिला विधवा कर. बालविधवा. माहेरी परत आलेली.”

मी दोन दिवस तुमच्यावर रागावले होते, तुम्हाला कळलं होतं का? फोन उचलला नाही, कामात आहे असा मेसेज टाकला. रिटर्नची तारीखही नव्हती. एका पोरीचा नवरा मारा, तिचे केस उतरवा, तिला विधवेचं आलवण नेसवा, आणि मग म्हणा प्रेमकथा लिही! पण तिसऱ्या दिवशी रावपुऱ्यातल्या तांबेकरवाड्यात गेले, भिंतींवरची चित्रं बघत उभी राहिले. अशाच एखाद्या वाड्याच्या मागच्या सोप्यात, लाल आलवणातली सोळा-सतरा वर्षांची मुलगी धान्य निवडत बसलेली मला दिसली. नव्याने निघालेल्या बडोदा कॉलेजात शिकणारा, वाड्यात वारावर जेवायला येणारा मुलगा तिला चोरून अक्षरं शिकवतोय. राखेत, बोटाने. म्हणजे पुसायला सोपं. त्या दिवसापासून कादंबरी चालायला लागली. ब्रिटिश हद्दीत विधवाविवाहाला 1856 पासून कायद्याची आडकाठी नव्हती, पण संस्थान वेगळं आणि रावपुरा त्याहून वेगळा. मुलाच्या आईने जीव देईन म्हटलं. मुलगा नवसारी प्रांतात कारकुनीला निघून गेला. तो भित्रा आहे. तुम्ही म्हणालात, तसाच राहू दे, उगाच धाडसी करू नकोस. नाहीतर मी करणारच होते.

तिचं पुढचं आयुष्य मात्र सरकारनेच मला आयतं दिलं. सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं, 1906 मध्ये सगळ्या राज्यात. शाळा आल्या की शिक्षिका हव्याच. ती गुजराती शिकली, मास्तरीण झाली, शेवटी डभोईजवळच्या एका खेड्यात आली. आणि 1910 नंतर, बॉर्डन हा अमेरिकन ग्रंथपाल इथे येऊन सार्वजनिक ग्रंथालयांचं काम उभं करू लागल्यावर, तिच्या गावी फिरत्या वाचनालयाची लाकडी पेटी येते. पेटीत पुस्तकांची यादी. यादीवरचं अक्षर ती ओळखते.

“मोडी यादी त्या गावात कोण वाचणार?” तुम्ही विचारलंत. “यादी गुजरातीच असणार.” माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. सहा महिने मी त्या एका प्रसंगावर जगत होते, काका. तुम्ही चहा बशीत ओतलात, एक घोट घेतलात आणि म्हणालात, “पण सही? सवयीचा हात सही मोडीतच करेल.”

आता त्या तीन पानांचं. ती पेटी परत करायला स्वतः बडोद्याला येते, टेबलापलीकडे तो. तिथे मी तीन पानं संवाद लिहिला होता. ‘इतकी वर्षं’ चार वेळा, ‘नियती’ दोनदा. तुम्ही वाचलंत आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एक तिरपी रेघ मारलीत. मी म्हटलं, मग ती बोलेल तरी काय? तुम्हालाही सुचेना. तेव्हा आतून काकूंचा आवाज आला. त्या उंधियूसाठी पापडी निवडत होत्या, हात थांबला नव्हता. “ती विचारेल, ‘आई आहेत?’”

आपण दोघं गप्प. मग तुम्ही हळूच म्हणालात, “आणि तो म्हणेल, ‘छप्पनियात गेली.’”

तेवढंच छापलंय. तीन पानांच्या जागी चार शब्द. त्यानंतर ती पुस्तकं मोजून देते आणि तो यादीवर खुणा करत जातो. एका संपादकांनी (दुसऱ्या ठिकाणचे, त्यांनी पुस्तक घेतलं नाही) ‘भेटीचा प्रसंग भावनिकदृष्ट्या कमी पडतो’ असं कळवलं होतं. ते पत्र मी तुम्हाला दाखवलं नाही. काकूंना दाखवलं. त्या म्हणाल्या, “त्यांचं लग्न झालंय का?”

तेव्हा हे आभार अर्धे काकूंचे आहेत. तुम्हाला वाटणी मान्य असेल असं धरून चालते.

रविवारी सकाळी प्रत घेऊन येते. तुमच्यासाठी लीलो चेवडो आणि काकूंसाठी मोगरा. भिंग मात्र आधीच बाहेर काढू नका. दुसऱ्या प्रकरणात ‘आलवण’चं ‘आळवण’ छापलं गेलंय, मला आजच दिसलं. ते सोडून काही सापडलं तर चहा होईपर्यंत तरी सांगू नका.

कळावे, लोभ आहेच.

तुमची,
तुपाच्या हिशोबात प्रेम शोधणारी