पुनर्वसनाच्या यशाचा हिशेब कोणाकोणाला धरून?

मा. संपादक,
स. न.

शिक्षा भोगून बाहेर आलेल्या बंद्यांच्या पुनर्वसनासाठी चालणाऱ्या कार्यक्रमांच्या बातम्यांत बहुधा एकच आकडा ठळकपणे दिलेला असतो : प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांपैकी शंभरातले अमुक इतके पुन्हा तुरुंगात गेले नाहीत. हा आकडा खोटा नसतो. पण कार्यक्रमाचा उपयोग झाला की नाही हे त्यावरून मुळीच ठरत नाही, आणि तरीही अनुदान व कौतुक त्याच्याच आधारावर वाटले जाते, म्हणून हे पत्र.

प्रशिक्षण पूर्ण करणारी माणसे मुळातच वेगळी असतात. ज्याला घरच्यांनी परत घरात घेतले, ज्याचे व्यसन सुटले आहे, ज्याचे वय चाळिशीपुढे गेले आहे, तो नियमाने येत राहतो आणि कदाचित या मदतीवाचूनही सावरला असता. ज्याला रात्री पाठ टेकायला जागा नाही तो दुसऱ्याच आठवड्यात दिसेनासा होतो. हजेरीपटावरून नाव कमी झाले की त्याचे पुढे काय झाले हे पाहण्याची जबाबदारी कोणाचीच उरत नाही. काही ठिकाणी तर मुलाखत घेऊनच प्रवेश दिला जातो, म्हणजे चाळणी आधीच लागलेली असते.

इंग्लंडमधील पीटरबरो तुरुंगात २०१० मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात ही पळवाट बंद केलेली होती. बारा महिन्यांहून कमी शिक्षा झालेल्या पुरुष बंद्यांसाठीचा हा कार्यक्रम गुंतवणूकदारांच्या पैशावर चालला आणि परिणाम दिसला तरच त्यांना परतफेड मिळणार होती. मात्र हिशेबात केवळ मदत घेणारे नव्हे, तर त्या तुरुंगातून ठरलेल्या मुदतीत सुटलेले असे सगळेच बंदी धरले गेले आणि इतर तुरुंगांतून सुटलेल्या तशाच बंद्यांशी त्यांची तुलना झाली. पुन्हा दोषी ठरण्याचे प्रमाण अखेरीस ९ टक्क्यांनी कमी आढळले. डोळे दिपावेत असा हा आकडा नाही, पण त्यावर विसंबता येते.

तुलनाच केली नाही, तर उपाय कुचकामी ठरला तरी कोणाला पत्ता लागत नाही. इंग्लंड व वेल्समधील तुरुंगांत लैंगिक गुन्हेगारांसाठी वर्षानुवर्षे चाललेल्या उपचार कार्यक्रमाचे मूल्यमापन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा उपचार घेतलेल्यांपैकी १० टक्के, तर तो न घेतलेल्या तशाच बंद्यांपैकी ८ टक्के पुन्हा लैंगिक गुन्ह्यात सापडल्याचे दिसले. तोवर हा कार्यक्रम हेतू चांगला म्हणून चालू राहिला होता.

अपयश कशाला म्हणायचे, हेही आधी ठरले पाहिजे. पुन्हा अटक, पुन्हा दोषसिद्धी आणि पुन्हा तुरुंगवास ही तीन निरनिराळी मापे आहेत, आणि पॅरोलवर असताना हजेरी चुकल्यामुळे परत गेलेला व घरफोडी करून परत गेलेला एकाच रकान्यात मोजणे अन्यायाचे आहे. पाठपुरावा किती काळ केला यावरही बरेच अवलंबून असते. अमेरिकेत ३० राज्यांतून २००५ मध्ये सुटलेल्यांपैकी सुमारे ६८ टक्क्यांना तीन वर्षांत पुन्हा अटक झाली होती, नऊ वर्षांत हेच प्रमाण ८३ टक्क्यांवर गेले. सहा महिन्यांनी मोजणी थांबवणाऱ्या संस्थेला यश सहज मिळते.

तुलनेसाठी काही गरजूंना मदतीपासून दूर ठेवणे निर्दयपणाचे आहे, असा आक्षेप घेतला जातो. जागा सर्वांना पुरणार असतील तर तो रास्त आहे. पण त्या बहुधा पुरत नाहीत. तेव्हा ओळखीपाळखीने प्रवेश देण्यापेक्षा चिठ्ठ्या टाकणे अधिक न्याय्य, आणि तुलनेचा गटही त्यातून आपोआप मिळतो.

आपल्या वृत्तपत्राने यापुढे अशा कार्यक्रमाची यशोगाथा छापताना किती जण दाखल झाले, किती मध्येच गळाले, त्यांचा शोध घेतला का आणि मोजणी किती वर्षांची, एवढी माहिती संस्थेकडून मागून सोबत द्यावी. ती मिळाली नाही, तर तसेही छापावे, ही विनंती.

कळावे.
आपला,
एक नियमित वाचक