पडद्याच्या आधी प्रेक्षक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठी चित्रपटांना मल्टिप्लेक्समध्ये खेळ मिळत नाहीत, ही तक्रार आपल्या पत्रव्यवहारात वारंवार येते. तक्रार खरी आहे. पण नावाजलेला चेहरा नसलेल्या, थोडक्या पैशांत केलेल्या चित्रपटाला शुक्रवारी सकाळचा खेळ मिळाला तरी पुढे काय होते? जाहिरातीला पैसा उरलेला नसतो, एकाने दुसऱ्याला सांगेपर्यंत चार-पाच दिवस जातात आणि तोवर चित्रपट उतरलेला असतो. अशा चित्रपटाचा प्रेक्षक आधी जमवावा लागतो.

ही रीत आपल्या देशाला नवी नाही. १९७६च्या ‘मंथन’ या चित्रपटासाठी गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले आणि पुढे तेच लोक ट्रक भरभरून तो पाहायला गेले. केरळात दिग्दर्शक जॉन अब्राहम आणि चित्रपटप्रेमींच्या ओडेसा गटाने लोकवर्गणीतून १९८६ साली ‘अम्मा अरियन’ हा चित्रपट पूर्ण केला. गोरखपूरला २००६पासून प्रायोजक न घेता, प्रेक्षकांपुढे झोळी फिरवून चित्रपट महोत्सव उभा राहिला. महाराष्ट्रात तर प्रत्येक तालुक्यात वाचनालय आहे, महाविद्यालय आहे, कुठे हौशी नाट्यसंस्था आहे. गावोगावी यांच्यापैकी एकाला खेळाचा यजमान करून १५-२० गावांची साखळी बांधता येते. गरज आहे ती तपशील नीट सांभाळण्याची.

पहिला तपशील हिशेबाचा. समजा सभागृहाचे भाडे ५,००० रुपये, प्रोजेक्टर व ध्वनियंत्रणा ६,००० आणि प्रवास-चहापाणी १,५००, म्हणजे एकूण १२,५००. १०० रुपये तिकीट ठेवले तर १२५ प्रेक्षक आल्यावर नुसता खर्च निघतो. दीडशे खुर्च्यांच्या सभागृहात हे अवघड आहे. सभागृह यजमानाने दिले तर तोच आकडा ७५वर येतो आणि प्रयोग शक्य होतो. यजमानाशी कागदावर ठरवावे: आधी खर्च वजा, मग उरलेल्याचे निम्मे-निम्मे, आणि हिशेब त्याच रात्री. ‘नंतर बघू’ म्हटले की त्या गावात दुसरा चित्रपट नेता येत नाही.

प्रोजेक्टरबाबत सर्वाधिक फसगत होते. पूर्ण अंधारात १५ फूट रुंद पडद्याला खरे तर २,००० ल्युमेन (प्रोजेक्टरच्या उजेडाचे माप) पुरतात. पण भाड्याच्या यंत्राचा दिवा जुना असतो आणि उजेड बराच उतरलेला असतो, म्हणून ४,०००-५,००० ल्युमेनचे यंत्र मागावे. त्याहून महत्त्वाच्या आहेत सभागृहाच्या खिडक्या. काळे कापड लावले नाही तर रात्रीचे प्रसंग राखाडी दिसतात आणि मग कितीही ल्युमेन असून उपयोग नाही. मे महिन्यात साडेसातच्या आधी खेळ लावूच नये.

आवाजाची चूक तर चित्रपटच मारते. ५.१ ध्वनीमध्ये, म्हणजे सहा वेगळ्या चॅनेलांत विभागलेल्या आवाजात, संवाद मधल्या चॅनेलवर असतात. तीच फाइल लॅपटॉपवरून दोन स्पीकरना दिली आणि जोडणी चुकली, की संगीत दणदणीत वाजते आणि माणसांचे बोलणे ऐकूच येत नाही. त्यामुळे प्रदर्शनासाठी वेगळे स्टिरिओ, म्हणजे दोन चॅनेलचे, मिश्रण करूनच फाइल द्यावी. ब्लूटूथ स्पीकर वापरू नये. ओठ आणि आवाज यांत अंतर पडते. एचडीएमआय केबल ५० फुटांपलीकडे नेली की चित्र तुटू लागते. लॅपटॉप प्रोजेक्टरजवळ ठेवावा आणि लांबची तार आवाजाची, एक्सएलआर (ध्वनियंत्रणेची तीन पिनांची केबल) घ्यावी. यजमानाला पेन ड्राइव्ह पाठवताना तो एक्सफॅट या पद्धतीत फॉरमॅट करावा. सेकंदाला १० मेगाबिट दराची दोन तासांची फाइल सुमारे ९ जीबी होते आणि फॅट३२ या जुन्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. आदल्या दिवशी सुरुवातीची, मधली आणि शेवटची पाच-पाच मिनिटे त्याच सभागृहात, त्याच यंत्रांवर चालवून पाहावीत.

कागदपत्रेही हवीत. जाहीर खेळाला सेन्सॉर प्रमाणपत्र लागते, तिकीट लावलेले नसले तरीही. संगीतकार, गीतकार व कलाकारांशी केलेल्या करारात ‘जाहीर प्रदर्शन’ आणि ‘डिजिटल’ हे दोन्ही हक्क स्पष्ट लिहून घ्यावेत. मानधन पुढे देण्याचे ठरले असेल तर रक्कम आणि क्रम लिहून ठेवावा. मैत्रीतली कामे इथेच बिघडतात.

प्रेक्षकांची यादी हीच खरी कमाई. दारात वहीवर नाव, गाव, फोन आणि ‘कळवले तर चालेल का’ एवढे विचारावे. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ जण बसतात, आणि ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून प्रेक्षकाच्या फोनमध्ये आपला क्रमांक तिथल्या तिथे जतन करून घ्यावा. ही यादी एकट्याने दाबून ठेवू नये. यजमानाने दोन महिन्यांनी दुसऱ्या दिग्दर्शकाचा चित्रपट लावला आणि निरोप त्याच यादीवर गेला, तर प्रेक्षकाला सवय लागते. दिवे, माइक, ट्रायपॉड यांची देवाणघेवाणही याच ओळखींतून होते. नोंदवही आणि अनामत रक्कम मात्र हवी.

यात दोन गोष्टी आमच्या हातात नाहीत. नगरपालिका-महापालिकांच्या नाट्यगृहांत आठवड्याच्या मधल्या दिवशी नाटक नसते, तेव्हा स्वतंत्र चित्रपटांना निम्म्या भाड्याने तारीख मिळावी आणि तिथे पांढरा पडदा कायमचा टांगलेला असावा. आणि आपल्या जिल्हा पुरवणीत, जिथे मल्टिप्लेक्सच्या वेळा छापता, तिथेच ‘आज गावात कोणता चित्रपट, कुठे, किती वाजता’ अशा चार ओळींना जागा द्यावी. यजमान संस्था आठ दिवस आधी माहिती पाठवतील.

– काही स्वतंत्र चित्रपटकर्मी, पुणे