चाचा, तुम्ही आधी पॅड मागितलात

जालना

चाचा, सलाम.

पैसे द्यायला गेलो तर तुम्ही घेतले नाहीत, आणि तोंडावर आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलून चहा मागवता. म्हणून हे उघड पत्र. नातवाकडून वाचून घ्या. दुसरं कारण असं की आपल्याकडे आता रस्त्यारस्त्याला वॉशिंग सेंटर निघालेत, आणि रबिंग-पॉलिशमध्ये, म्हणजे मशीनने रंग घासून चमकवताना, काही बिनसलं की सगळे एकच बोलतात: कंपाउंड (घासायची पेस्ट) खराब आहे. तुम्ही माझ्या शेडमध्ये जे दाखवलंत ते त्या पोरांपर्यंतही पोचावं.

त्या काळ्या सेडानच्या वेळी दुकानदारानेही तेच निदान करून दुप्पट किमतीची बाटली काढून ठेवली होती. बॉनेटवर मशीन फिरवलं की पांढरी धूळ उडायची, पुसायला गेलं की जागोजाग चिकटून बसलेले ठिपके, आणि ते कसेबसे निघाले की खाली धुरकट झाक. एकाच पॅनेलवर तिन्ही तक्रारी. तुम्ही आलात, रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसलात आणि बाटलीकडे ढुंकूनही पाहिलं नाहीत. "बोतल को गाली मत दे बेटा. पॅड दिखा."

मशीनला लावायचा पॅड हातात घेऊन तुम्ही आधी मधोमध अंगठा दाबलात. तिथला फोम ओला, गच्च. मग कडेला नख लावलंत, तर करड्या रंगाची चकचकीत खपली निघाली. ती म्हणजे वाळलेलं कंपाउंड आणि गाडीवरून निघालेलं क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर), एकत्र घट्ट बसलेलं. त्यावर नवं कंपाउंड कितीही टाका, ते रंगापर्यंत पोचतच नाही. खपलीच रंगावर घासत राहते, तापते, बारीक ओरखडे पाडते आणि तिचे तुकडे सुटून पॅनेलला चिकटतात. म्हणजे ठिपके आणि झाक हे दोन वेगळे रोग नव्हतेच. तुम्ही मशीन सगळ्यात हळू ठेवून पॅडवर नायलॉनचा ब्रश धरलात आणि सांगितलंत की हे पॅनेलचा प्रत्येक तुकडा घासून झाल्यावर करायचं, आणि पॅड आतून ओला लागला की सरळ बदलायचा. तेव्हापासून शेडमध्ये एका गाडीला पुरतील एवढे पॅड आधी काढून ठेवतो. पॅडचा खर्च वाढला, कंपाउंडचा निम्म्यावर आला.

चिकटलेले ठिपके पोरगा कापडाने खरडत होता, त्याचा हात तुम्ही धरलात. त्याच जागी ताज्या कंपाउंडचा एक थेंब टाकून स्वच्छ पॅड हलक्या हाताने फिरवला, तर जुनं मऊ होऊन आपोआप उचललं गेलं. ते बघून पोरगा हसायलाच लागला.

मग तुम्ही बॉनेटवर तळहात टेकवलात आणि लगेच उचललात. एप्रिलची दुपार, वर पत्रा, गाडी नुकतीच उन्हातून आत घेतलेली. कंपाउंडमधली धार, म्हणजे घासणारे बारीक कण, काम सुरू करायच्या आतच त्यातला ओलावा उडून जायचा, राहायची ती कोरडी भुकटी. धुळीचं मूळ तिथे होतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हवाही कोरडी असते. बाटलीवर लिहिलेला वेळ या हवेला धरून लिहिलेला नसतो. गाडी सावलीत थांबवून तिचा पत्रा पूर्ण गार होईपर्यंत तुम्ही मशीनला हात लावू दिला नाहीत. नंतर तुकडा लहान केलात, दीड फूट बाय दीड फूट. नव्या पॅडच्या तोंडाला कंपाउंडचा पातळ हात सगळीकडे चोळून घेतलात, आणि पुढे प्रत्येक तुकड्याला हरभऱ्याएवढे तीन-चार थेंब, बस्स. "ज्यादा डालेगा तो फिसलेगा, काटेगा नहीं." जास्त कंपाउंड म्हणजे जास्त कटिंग (ओरखडे घासून काढणं) हे डोक्यातून काढायला आमच्या पोरांना तेवढं एक वाक्य पुरलं.

पाण्याच्या फवाऱ्याचीही गोष्ट सांगतो, कारण ती शहरातल्या व्हिडिओत सापडत नाही. पॅड कोरडा पडला की तुम्ही त्यावर एक फवारा मारायचात, पण बोअरच्या पाण्याचा नाही. पेट्रोल पंपावर मिळतं ते बॅटरीचं पाणी. आपल्या बोअरच्या पाण्यात एवढे क्षार की वाळलं की पांढरे डाग ठेवून जातं, आणि त्या डागांनाही लोक कंपाउंडचाच दोष समजतात. इथे एक भर घालतो, रागावू नका: काही कंपाउंडवर पाणी मारलं की ती आणखी चिकट होतात. त्यामुळे आम्ही आधी बाटलीवरची सूचना वाचतो, मग फवारा उचलतो. आणि हो, बाटली हलवतोही. पत्र्याखाली ठेवलेल्या बाटलीत धार खाली बसते आणि वर नुसतं तेलकट पाणी राहतं. चाचा, बाटलीचा म्हणून जो काही दोष असतो तो बहुतेक वेळा एवढाच निघतो.

"जालना सोने का पालना, लेकिन गाड़ी पे गिरता है लोहा," हे तुमचं वाक्य आता शेडमध्ये सगळ्यांच्या तोंडी आहे. एमआयडीसीत स्टीलच्या भट्ट्यांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर लोखंडाचे बारीक कण बसतात आणि रंगात रुततात. धुऊन जात नाहीत, डोळ्यांना दिसत नाहीत, पण पॅड त्यांना उचलतो आणि तेच कण सगळ्या बॉनेटवर गोल गोल फिरवतो. तुम्ही हातात पातळ कॅरीबॅग घालून धुतलेल्या दरवाजावर हात फिरवायला लावलात. नुसत्या बोटांना गुळगुळीत लागणारा दरवाजा पिशवीतून चक्क खरखरीत लागला. आता लोखंड काढणारं केमिकल मारून ते जांभळं होऊन वाहून गेल्याशिवाय आणि त्यावर क्ले (रुतलेले कण उचलणारी मातीसारखी मऊ वडी) फिरवल्याशिवाय मशीनची वायर बोर्डात जात नाही.

तुमची शिस्त मला सगळ्यात कठीण गेली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. डिकीच्या झाकणावर मास्किंग टेपची पट्टी मारून दोन भाग केलेत. एका भागावर तेच कंपाउंड, तोच वेग, फक्त पॅड स्वच्छ. दुसरा तसाच. पुसून टॉर्च मारला आणि फरक समोर आला. पॅड, वेग, कंपाउंड सगळं एकदम बदललं असतं तर गाडी कदाचित सुधारली असती, पण कशामुळे ते कळलं नसतं. शिवाय पाण्यात पातळ केलेल्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून मगच निकाल द्यायला लावलात, कारण कंपाउंडमधलं तेल ओरखडे बुजवून टाकतं आणि दोन-तीन धुण्यांनंतर ते पुन्हा वर येतात. गिऱ्हाईक तेव्हा भांडायला येतं.

कंपनीच्या रंगाची एकूण जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन, त्यात वरचं क्लिअर कोट 40-50च्या आसपास. म्हणजे मिलिमीटरचा विसावा भागही जेमतेम. क्लिअर कोटच्या गाडीवर पॅडला गाडीचा रंग लागला तर त्याच क्षणी मशीन बंद, हे तुम्ही कडांवर टेप लावताना सांगितलं होतंत. कड आणि घडीवर रंग आधीच पातळ असतो आणि पॅडचा जोर तिथेच एकवटतो.

एका गोष्टीत मात्र आपलं जमणार नाही. डीए मशीनला, म्हणजे फिरता फिरता डोलणाऱ्या पॉलिश मशीनला, तुम्ही खेळणं म्हणता. लोकरी पॅडने कटिंग करून मग त्याच रोटरीवर (नुसतं गोल फिरणारं मशीन) मऊ फोम लावून तुम्ही उन्हातसुद्धा होलोग्राम, म्हणजे मशीनचे गोल चमकते वळ, दिसू देत नाही, मान्य. तो तुमचा हात आहे. माझ्याकडच्या पोरांचा नाही. शेवटचा हात आम्ही डीएनेच मारणार, आणि जोर पडून पॅडमागची प्लेट फिरायची थांबते का ते कळावं म्हणून प्लेटवर मार्करची रेघही मारली आहे. तुम्ही हसा खुशाल.

पुढच्या आठवड्यात एक जुनी लाल जीप येतेय, एकपदरी रंगाची, वर क्लिअर कोट नसलेली. पॅड लालच होणार हे पोरांना आताच सांगून ठेवलंय, घाबरून मशीन बंद करू नका म्हणून. तरी सुरू करायच्या आधी तुम्ही एकदा रंगावर हात फिरवून जावा. पॅड धुऊन ठेवतो. चहा माझ्याकडे.

तुमचा,
मंठा रस्त्यावरचा वॉशिंग सेंटरवाला